स्थलांतराची तयारी दर्शवली

आमच्या शहरासाठी अन्न धोरण तयार करायचं काम निघालं आणि मला त्यात नोकरी मिळाली. शहरातले लोक काय खातात, ते कुठून येतं, कोण विकतं, कोणाच्या ताटापर्यंत पोचतच नाही, हे लोकांनाच विचारायचं आणि त्यावरून पुढची काही वर्षं चालतील असे नियम ठरवायचे, असं ते काम होतं. त्यासाठी बाहेरून एक संस्था आली होती आणि तिला इथलं कोणीतरी हवं होतं. मी नागपूरला आहारशास्त्र शिकून परत आलेले. शहराला लागूनच कुडव्याला खोली करून राहत होते आणि एका खाजगी दवाखान्यात रुग्णांना छापील आहाराचा कागद समजावून देत होते. त्या कागदावर ओट्स आणि ब्रोकोली होती. आमच्याकडचे रुग्ण कागदाची नीट घडी करून खिशात ठेवायचे आणि घरी जाऊन भात खायचे.

मुलाखतीत मला भाषा विचारल्या. मराठी, हिंदी, कामापुरती इंग्रजी, पोवारी समजते, आणि घरची झाडीबोली, असं मी सांगितलं. शेवटचं ऐकून समोरचे सर खुर्चीत पुढे सरकले. ते दिल्लीकडचे, साठीच्या आसपासचे, मऊ बोलणारे. मराठी त्यांना येत नव्हती. ते म्हणाले, "लोग अपनी बोली में बोलेंगे, तभी सच बोलेंगे. आप हमारा कान बनेंगी." मला ते फार आवडलं. नागपूरच्या वसतिगृहात 'का'च्या जागी 'काऊन' म्हटलं की मुली हसायच्या, म्हणून तीन वर्षं मी तो शब्द तोंडातून निघू दिला नव्हता. आता त्याच बोलीसाठी मला कोणी कामावर ठेवत होतं.

पहिल्या काही बैठका छान झाल्या. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान घेणारे शेतकरी आले होते. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "आमी बारीक तांदूळ पिकवतो आन इकतो, खातो राशनचा. आता तुमी कोन्ती नीती काढता ते काढा." मी ते हिंदीत सांगितलं तेव्हा सर मोठ्याने हसले आणि त्यांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. कुडव्याच्या बायका अंगणवाडीच्या खिचडीवर तासभर बोलल्या. मी एका भाषेत ऐकायचे, दुसऱ्या भाषेत बोलायचे, तिसऱ्या भाषेत टिपणं घ्यायचे. बैठक संपली की सर म्हणायचे, "तुम न होतीं तो हम गूँगे थे." मी स्कूटीवरून खोलीवर जायचे तेव्हा ते वाक्य मनात घोळत असायचं.

मग स्टेशनजवळच्या भिंतीपाशी बसणाऱ्या बायकांची पाळी आली.

या बायका जंगलपट्टीतून सकाळच्या पाशिंजरने येतात. कोणी गोंड, कोणी इतर, पण बहुतेकींचं जगणं थोडी शेती आणि पुष्कळसं जंगल यांवर. टोपल्यांतून त्या हंगामाप्रमाणे माल आणतात. श्रावणात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि सात्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या. उन्हाळ्यात चारं, म्हणजे चारोळीची फळं, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची. मध्ये मध्ये पानं, फुलं, कंद. गाडीतून उतरायचं, भिंतीला टेकून बसायचं, गोणपाटावर वाटे मांडायचे, आणि दुपारच्या गाडीने परत जायचं. हा बाजार कोणी भरवलेला नाही. त्या उतरतात म्हणून तो तिथे आहे.

त्या रांगेच्या टोकाला माझी आईही बसायची. आमचं गाव नागऱ्याच्या पलीकडे. आमच्याकडे थोडी शेती होती, हिवाळ्यात धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, पेरायचो, तिचे कोवळे शेंडे खुडून आई शहरात आणायची. मी तेव्हा शहरातल्या शाळेत होते आणि त्या रस्त्याने घरी जाताना पलीकडच्या बाजूने जायचे. दोन-तीन हिवाळे असे गेले. पुढे आईचे गुडघे दुखायला लागले आणि तिने येणं बंद केलं. संस्थेच्या अर्जात मी 'वडील शेतकरी' एवढंच लिहिलं होतं. ते खरंच होतं.

बायकांना बैठकीला बोलवायचं काम माझ्याकडे होतं. त्यांच्यात एक साठीची बाई होती. बाकीच्या तिच्याकडे बघून मगच हो-नाही ठरवायच्या. हातात पुरुषी घड्याळ, गाडी चुकू नये म्हणून. उंच, काटक, आवाज घोगरा. मी तिला मावशी म्हणत असे. तिच्यासमोर उकिडवं बसून मी बैठकीचं सांगितलं.

"मीटिंगीत काय भेटते?" मावशीने विचारलं.

"भेटत काही नाही. तुमचं म्हणणं ऐकतील."

"आयकून काय करतील?"

"लिहून ठेवतील. त्यावरूनच नियम करणार आहेत."

"दुपारी आमची गाडी रायते. धंदा सोडून कायले याचं आमी?"

"एकच तास, मावशी. तुमच्या मनाविरुद्ध मग काही होणार नाही."

हे शेवटचं वाक्य मला कोणी सांगायला लावलेलं नव्हतं. बैठकीत बायका दिसाव्यात एवढीच मला घाई होती. मावशी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग मागे वळून बाकीच्यांना गोंडीत काहीतरी म्हणाली. त्या टोपल्या आवरायला लागल्या.

सभागृहाच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. फरशी खराब होते, टोपल्या आत नको. मी भांडायला हवं होतं. अन्नाची बैठक आणि अन्न दाराबाहेर. पण उशीर होत होता. मी म्हटलं, "मावशी, व्हरांड्यात ठेवा, कोणी नेणार नाही." म्हणून सगळ्या बायका दाराजवळ दाटीवाटीने बसल्या, अर्ध्या तोंड आमच्याकडे करून, अर्ध्या टोपल्यांकडे. टेबलावर बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. त्यांना कोणी हात लावला नाही.

सरांच्या शेजारी नगरपरिषदेच्या कचेरीतले एक साहेब बसले होते. दोन महिन्यांपूर्वीच दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. आमची बोली त्यांना धड कळत नसे आणि ती कळावी असं त्यांना वाटतही नसावं. बहुतेक वेळ ते मोबाइलमध्ये होते. त्या दिवशी सकाळीच त्यांनी सरांना सांगितलं होतं की फुटपाथ मोकळे करायचेच आहेत, कुडव्याच्या वाटेवर एक मोकळी जागा बघून ठेवली आहे, तिथे चांगली शेड बांधू, तुमच्या धोरणात ते आलं तर दोघांचंही काम होईल. सर म्हणाले होते, "अगर महिलाएँ चाहें तो." माझ्यासमोरच म्हणाले होते.

मी बायकांना सांगितलं, "तुमच्या बोलीतच बोला. मी सरांना हिंदीत सांगते."

मावशी उभी राहिली. बोलायच्या आधी तिने मला निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "तू तेची पोरगी होय न वं? लाखोरीची भाजी आने ते? तुही माय आमच्या बाजूले बसे. कशी आहे तुही माय?"

बाकीच्या दोघी-तिघी हसून माझ्याकडे पाहायला लागल्या. सरांनी विचारलं, "क्या कह रही हैं?"

मी म्हटलं, "कह रही हैं, पुरानी जान-पहचान है."

सरांनी मान डोलावली. मावशीला मी उत्तर दिलं नाही. "सरांना वेळ कमी आहे, मावशी," असं म्हणून मी कागदावरचा प्रश्न वाचला. कुडव्याच्या वाटेवर पाणी, सावली, शौचालय अशा सोयींची शेड दिली तर तुम्ही तिकडे बसाल का, हा तो प्रश्न.

मावशीने जे सांगितलं ते मी तेव्हाच वहीत उतरवलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे, त्यामुळे पुढचे शब्द तिचेच आहेत.

"पानी पाहिजे जी. सावली पाहिजे. संडास त पयले पाहिजे. आमी सकारपासून पानीच पीत नाही, काऊन का मंग जावं कोठी? पन जागा नाही बदलवाची. आमी गाडीतून उतरतो आन तेथीच बसतो. डोक्यावर ओझं घेऊन दूर कोन जाईल? आन तेथी गिऱ्हाईक कोन येईल? सात्या दुपारलोक काऱ्या पडतेत, मंग कोनी हात नाही लावत. शेड बांधा का महाल बांधा, आमी नाही जात. असंच लिवा."

'नाही जात' या शब्दांखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तेवढ्यात व्हरांड्यात एक बकरी शिरली आणि एका टोपलीत तिने तोंड घातलं. दोघी-तिघी ओरडत बाहेर पळाल्या. बाकीच्या उठून उभ्या राहिल्या, खुर्च्या सरकल्या, सगळा गोंधळ झाला. साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली आणि मला विचारलं, "हाँ बोल रही है या ना? तैयार हैं ना?"

मी म्हटलं, "पानी, छाँव और शौचालय मिले तो तैयार हैं."

मावशी 'पन' म्हणाली होती. मी 'तो' म्हटलं. एवढाच बदल केला मी. का केला, याची बरीच कारणं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत. गोंधळ होता. साहेब घाई करत होते. 'महाल बांधा तरी नाही जात' हे त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं तर ते चिडले असते आणि सरांचं काम अडलं असतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्याच्या पाच मिनिटं आधीच मी एकदा सोयीचं सांगून मोकळी झाले होते, आणि कोणालाच काही कळलं नव्हतं. दुसऱ्यांदा ते फार सोपं गेलं.

"लिख लीजिए," साहेब म्हणाले. सरांनी लिहून घेतलं.

मी बोलले तेव्हा मावशी माझ्याकडेच पाहत होती, हे मला आठवतं. मग ती वाकली, डोक्यावर ठेवायची चुंबळ झटकली आणि दाराकडे वळली. मी हजेरीचा कागद घेऊन तिच्या मागे गेले. तिने अंगठा दिला. तिने दिला म्हणून बाकीच्यांनीही दिला.

मसुदा मराठीत लिहायचं काम माझ्याकडेच आलं. दिवाळीच्या सुमाराची दुपार होती. ऑफिसात मी एकटीच होते, टेबलावर माझी वही उघडी होती आणि संगणकावर सरांची हिंदी टिपणं. मी टाइप केलं: "सदर महिला विक्रेत्यांनी पाणी, निवारा व स्वच्छतागृह या सुविधा उपलब्ध झाल्यास स्थलांतराची तयारी दर्शवली." वाक्य मला चांगलं जमल्यासारखं वाटलं. सरकारी मराठी मला तोवर सफाईने लिहिता यायला लागली होती. मग मी वहीचं पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद घेतला.

मसुदा हरकतींसाठी कचेरीच्या फलकावर लागला. बारीक टायपातली बरीच पानं होती ती. भिंतीजवळच्या बायकांपैकी कोणी ती वाचणार नव्हतं. वाचून दाखवणारी मी होते. त्या दिवसांत मी स्टेशनचा रस्ता सोडला आणि उड्डाणपुलावरून लांबचा फेरा घेऊन जायला लागले. एकदाच नाइलाजाने तिकडून जावं लागलं तेव्हा मावशीने हात करून थांबवलं.

"लिवलं का वं, पोरी?"

"लिहिलं, मावशी."

"आमी म्हनलं तसं?"

"हो."

तिने एका वाट्यातली मूठभर भाजी उचलून माझ्या स्कूटीच्या डिकीत टाकली. मी नको म्हणू शकले नाही. खोलीवर नेली आणि शिजवली नाही. दुसऱ्या दिवशी ती पिवळी पडली तेव्हा टाकून दिली.

हिवाळा संपता संपता शेड तयार झाली आणि एका सकाळी कचेरीची गाडी भिंतीपाशी येऊन उभी राहिली. मी तिथे नव्हते. मला ते आईकडून कळलं. आई गावाहून डोळे दाखवायला आली होती, स्टेशनच्या रस्त्याने ऑटोतून आली आणि खोलीत पाय ठेवताच म्हणाली, "भितीपासी एकही बाई नाही. चौकशी केली त म्हनते, कागद दाखवला तेयले. तुमचे अंगठे आहेत म्हने, तुमीच हव म्हनलं." मी चहा ठेवत होते. आईने विचारलं, "ते मीटिंग तूच घेतली होती न?"

मी हो म्हटलं.  चहा पिऊन झाल्यावर आईने आपला कप धुतला, माझाही धुतला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी मी शेड बघायला गेले. वाईट बांधलेली म्हणता येणार नाही अशी ती होती. वर पत्रा, खाली सिमेंटचे ओटे, कोपऱ्यात नळ, मागे दोन संडास. नळाला पाणी होतं. मावशीने मागितलेलं सगळं तिथे होतं. माणसं मात्र नव्हती. तीन बायका बसल्या होत्या, एकमेकींपासून लांब, आणि तिघींच्याही टोपल्या जवळजवळ भरलेल्या. दुपारचे बारा वाजले होते. एकीने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. दुसरीने मावशीचं गाव सांगितलं. "ते नाही येत आता," एवढंच म्हणाली.

तिच्या गावी जायला मला महिना लागला. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी एका रविवारी मी त्यांच्याच पाशिंजरमध्ये बसले, पण उलट्या दिशेने. उतरून पुढे चालत गेले. मोहफुलांचे दिवस होते. मावशीच्या अंगणात गोणपाटावर फुलं वाळत होती आणि ती खाली बसून हाताने ती उलटीपालटी करत होती. मला पाहून उठली नाही. "बस," म्हणाली. सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं.

मी घरून वाक्य जुळवून आणलं होतं. ते मधेच तुटलं आणि मी सरळच बोलले. "मावशी, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाल्या होत्या. मी सरांना ते नीट सांगितलं नाही. मी सांगितलं की तुम्ही तयार आहात."

"मले मालूम आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, शेडनंतर कळलं असेल. तिने मान वर केली.

"मी आयकत होती न. तू हिंदीत बोलली. मले हिंदी नाही येत का? रोज अर्धे गिऱ्हाईक हिंदीवाले रायतेत. 'लो भैया, ताजा है', कोन म्हनते मंग?"

मी तिला कितीतरी वेळा हिंदीत भाव सांगताना ऐकलं होतं. लहानपणापासून ऐकलं होतं. तरी त्या खोलीत, सर, साहेब आणि मी अशा तिघांसमोर, तिला हिंदी कळत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोलल्या?"

मावशीचे हात फुलांवरून फिरत राहिले. "तुही नोकरी होती. दोन सायेब बसले होते. त्याहीच्यासमोर मी म्हनू का, हे पोरगी खोटं सांगून राहिली? वाटलं, पोरगी आपली आहे. आता भेली असन. मागून सांगन त्याहीले बराबर. म्हनून मंग इचारलं मी तुले, लिवलं का म्हनून."

सुनेने पाण्याचा लोटा आणून ठेवला. मी तो हातात घेऊन बसले. पाणी पिण्याची माझी हिंमत होईना.

"चूक तुहीच आहे," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही. "पन त्या बायका मले बोलतेत. मीटिंगीत मी नेलं त्याहीले. मी अंगठा देल्ला म्हनून त्याही देल्ला. एक त बोलतच नाही माह्यासंग. तिचं सगळं त्या भितीवरच होतं. आता फुलं-पानं गावातच दलालाले देते, तो म्हनल त्या भावानं. मी त्याहीले काय सांगू? तू आपली वाटली म्हनून मी चुप बसली, हे सांगू?"

मी म्हटलं, मी जाऊन सांगते त्यांना. मावशी म्हणाली, "सांगून पाय."

मी गेले. त्या बाईच्या दारात उभं राहून मी सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, दार अर्धं लोटलं आणि आतून म्हणाली, "आता सांगून काय करू?" मग दार पूर्ण लोटलं. परतीच्या गाडीपर्यंत मी स्टेशनवरच्या बाकावर बसून राहिले.

धोरणाचा अखेरचा मसुदा मंजूर व्हायच्या आधी एक मोठी बैठक होती. प्रतिष्ठित मंडळी, व्यापारी, बचत गटांच्या बायका, सगळे आले होते. विक्रेत्यांचं प्रकरण वाचून झाल्यावर मी उठले. माझ्या खुर्चीवर मी भाषांतरकार म्हणून बसले होते, त्यामुळे मी उठले तेव्हा सगळ्यांना वाटलं की मी कोणाचं तरी सांगणार आहे. मी वही काढली आणि मावशीचं बोलणं तिच्याच शब्दांत वाचलं. मग ते हिंदीत सांगितलं, या वेळी बरोबर. आणि म्हटलं की मसुद्यातलं वाक्य बायकांचं नाही, माझं आहे.

मला वाटलं होतं की आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. मागे कोणीतरी खाकरलं. साहेब म्हणाले, शेड तर बांधून झाली आहे, चांगली शेड आहे, सोयी आहेत, आता हा विषय काढून उपयोग काय? एक व्यापारी म्हणाले, "मैडम इमोशनल हो रही हैं." सर मात्र चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिले. बैठकीनंतर बाहेर गाठून त्यांनी विचारलं, "तुमने तब क्यों नहीं बताया?" मी मावशीला विचारलेला प्रश्न जवळजवळ हाच होता.  

सरांनी खटपट केली, हे सांगायला हवं. छापील धोरणात ते वाक्य "काही महिलांनी तयारी दर्शवली, तर काहींनी सध्याच्या जागेचा आग्रह धरला" असं झालं. 'काही महिला' म्हणजे कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. तयार असलेली एकही बाई मी पाहिलेली नाही. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर त्या बैठकीचा फोटो आहे. मावशी उभी राहून बोलते आहे, मी शेजारी वही घेऊन मान तिरकी करून ऐकते आहे. बघणाऱ्याला वाटेल, किती लक्ष देऊन ऐकते आहे.

मला कोणी काढलं नाही. काम संपलं तेव्हा माझा करार संपला. जाताना सरांनी मला शिफारसपत्र दिलं. स्थानिक भाषांवर प्रभुत्व आणि अत्यंत प्रामाणिक, असं त्यात आहे. ते पत्र दाखवून मला आताची नोकरी लागली. मी ते फाडून टाकलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मी ते फाडलं नाही.

आता भिंतीच्या समोरच्या अंगाला काही बायका पुन्हा बसायला लागल्या आहेत. कचेरीची गाडी आली की उठतात, गेली की बसतात. शेडमध्ये मोटारसायकली उभ्या असतात. मावशी येत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी पुन्हा तिच्याकडे गेले होते. धोरणाचा आढावा घ्यायची बैठक होणार असं कळलं होतं. साहेबही बदलले होते, नवे जरा ऐकून घेणारे वाटत होते. मी म्हटलं, "मावशी, या वेळी तुम्ही हिंदीतच बोला. मधे मी नको, कोणीच नको. मी नुसती तुम्हाला घेऊन जाते."

मावशी वास्ते सोलत होती. एकेक पापुद्रा काढून बाजूला टाकत होती. 

"मी बोलली न एकडाव," ती म्हणाली.

मी खूप समजावलं. सुनेनेही समजावलं. मावशीने सोललेले वास्ते सुपात भरले आणि ती आत गेली. दुपारच्या गाडीची वेळ झाली होती. सून मला वाटेपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "नाराज नका होऊ जी, ते आजकाल कोनासंगच जास्ती बोलत नाही." मी म्हटलं, नाही, मी कशाला नाराज होऊ.

आढाव्याची ती बैठक झाली. मी जाऊन मागे बसले. विक्रेत्यांच्या मुद्द्यावर कोणाला काही बोलायचं आहे का, असं विचारलं गेलं. कोणीच हात वर केला नाही. मी केला आणि बोलले. नव्या साहेबांनी ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. मग त्यांनी विचारलं, "या बायका स्वतः का नाही आल्या?"

मी म्हटलं, "त्या एकदा आल्या होत्या."